भावजींच्या सहा सऱ्या

आमच्या मोठ्या भावजींनी आयुष्यात दोन गोष्टी कधी कुणाला विचारून केल्या नाहीत. एक दाढी, दुसरी शेताला पाणी. दाढी त्यांची त्यांना लखलाभ. पण शेत दोन्ही भावांचं, शेंगा तोडायला मी आणि माझी जाऊ वाकणार, आणि पाणी मात्र चाळीस वर्षं एकट्या भावजींच्या मर्जीनं. पाटाच्या दाराचं चाक ते एकदा फिरवायला लागले की टक्क आवाज होऊन अडकेपर्यंत फिरवायचे. अर्ध्यावर थांबणं त्यांना माहीतच नव्हतं.

"पाणी दिसलं पाहिजे," म्हणायचे. सरी काठोकाठ भरली, तिच्यात आभाळ दिसायला लागलं की यांना समाधान. घेवड्याची रोपं बिचारी गळ्यापर्यंत पाण्यात आणि भावजी बांधावर उभे राहून मिशीत हसताहेत, हे चित्र मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत होते.

अशाच एका बांधावरून ते घसरले. परसातल्या भोपळ्याला त्यांनी इतकं पाणी सोडलं होतं की बांधाचं लोणी झालं. पाय दोन ठिकाणी मोडला, प्लास्टर बसलं, सहा आठवडे शेतात पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. घेवड्याच्या पेरणीला जेमतेम दोन आठवडे उरले होते. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आणि त्या वाईट वाटण्याच्या मागोमाग जे वाटलं ते इथं लिहीत नाही, पण जाऊबाईंकडे पाहिलं तर त्यांच्याही तोंडावर तेच होतं.

तो हंगाम साधा नव्हता. लागोपाठ दोन वर्षं घेवडा बसला होता. झुडपं हिरवीगार, आणि शेंगा शोधायला चष्मा लावावा लागे. मातीत दम राहिला नाही, असा निकाल भावजींनी दिला. हे पलीकडच्या वीटभट्टीवाल्याच्या कानावर गेलं आणि त्याला आमची चिकण काळी माती डोळ्यांसमोर दिसायला लागली. वरची हातभर माती तो उचलून नेणार होता. हातभर माती गेल्यावर खाली उरतो मुरूम, आणि मुरमात गवतसुद्धा विचार करून उगवतं. भावजींनी त्याला शब्द देऊन टाकला: यंदा घेवडा आला तर ठीक, नाही आला तर काढणी झाली की ट्रॅक्टर घेऊन ये.

आमच्या ह्यांनी बादली उचलली. हे दुधाची गाडी चालवतात आणि घरात वाद सुरू झाला की उठून गाडी धुवायला जातात. त्या वर्षी गाडी फार स्वच्छ राहिली.

मीच बोलले. भावजी पाय खुर्चीवर ठेवून चहा पीत होते. मी म्हटलं, "माती चांगली आहे, भावजी. पाणी चुकतंय."

जाऊबाईंच्या कपातला चहा बशीत सांडला. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मोडक्या पायावर बसले होते.

"चाळीस वर्षं मी पाणी देतोय, धाकटे."

"आणि वीस वर्षं मी शेंगा तोडतेय."

माझं म्हणणं काही पुस्तकातलं नव्हतं. आमच्याकडे पाणी देणारे पुरुष आणि तोडणाऱ्या बायका. पाणी देणाऱ्याला हिरवं रान दिसतं, तो खूश होऊन घरी जातो. कुठल्या सरीत टोपली भरते आणि कुठल्या सरीत नुसतं पान हाताला लागतं, हे तोडणारीला कळतं, पण तिला विचारतं कोण? गेल्या वर्षी मी आणि जाऊबाईंनी एक गोष्ट पाहिली होती. शेताच्या शेपटाकडे, जिथे सुरुवातीला पाणी पोचतच नव्हतं, तिथली झुडपं खुजी होती आणि शेंगांनी लगडलेली होती. उपटली तेव्हा मुळं वीतभर खाली गेलेली. आणि दाराजवळची, भावजींची लाडकी, उंच झुडपं उपटली तर मुळं वरच्या वर, दाढीच्या ब्रशासारखी. पाणी दारात आयतं मिळाल्यावर खाली कशाला जातील ती? मग फुलोऱ्यात दोन आठवडे पाणी लांबलं की हीच लाडावलेली झुडपं पहिली माना टाकत, आणि फुलं गळून सरीत सडा पडे.

हे सगळं मी एका दमात सांगितलं. भावजींनी कप खाली ठेवला.

"ठीक आहे. यंदा चाक तुझ्या हातात. घोडामैदान जवळच आहे. नाही आला घेवडा, तर ट्रॅक्टरला रस्ता तूच दाखवायचा."

"दाखवीन," मी म्हटलं.

आता पाण्याचा हिशोब सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आमच्या वर एक तळं, तळ्यातून एक पाट, पाटावर अकरा शेतं. प्रत्येकाला दोन आठवड्यांनी एक पाळी, म्हणजे सहा तास पाणी. एरवी हंगामात नऊ पाळ्या मिळत. त्या वर्षी तळं अर्धंच भरलं होतं, म्हणून सहाच ठरल्या. आणि आमच्याकडे पाळी घ्यायची म्हणजे घ्यायचीच. गरज असो नसो, माणूस दार उघडणार, कारण सोडलेली पाळी पुढच्याला जाते आणि लोक म्हणतात, याला पाणी नको झालंय, पुढच्या वर्षी कमी द्या.

पहिली पाळी मी पूर्ण घेतली. पेरणीआधी कोरड्या रानाला दिली, अगदी भावजींच्या पद्धतीनं, टक्क होईपर्यंत. मग चार दिवस वाट पाहिली. मूठभर माती दाबली की लाडू होतो आणि बोटानं टोचलं की फुटतो, त्याला वाफसा म्हणतात. तसा वाफसा आल्यावर पेरलं. बी त्याच ओलीवर उगवलं, वरून थेंब दिला नाही. नव्वद सऱ्या, एका रेघेत.

दुसरी पाळी पेरणीनंतर नवव्या दिवशी होती. ती मला नको होती. मला हवं होतं ते पाणी फुलोऱ्यात, आणि फुलोऱ्यात माझ्या चौथ्या आणि पाचव्या पाळीमध्ये दोन आठवड्यांचं खिंडार होतं. त्या खिंडाराच्या बरोबर मधोमध कुणाची पाळी येते ते मी पाटकऱ्याच्या फळ्यावर पाहिलं. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस. फळ्यावर नाव होतं पालकवालीचं.

पालकवालीचं शेत आमच्या खालचं. बाई एकटी राबते, आणि घासाघीस अशी करते की बाजारातले व्यापारी तिला पाहून वजनकाटा आधीच सरळ करतात. तिचा पालक चाळीस दिवसांत निघून जातो. मी तिच्या बांधावर जाऊन बसले.

"माझी दुसरी पाळी तुम्ही घ्या. तुमची चौथी मला द्या."

तिनं विळा थांबवला. "पेरून आठ दिवस नाही झाले आणि पाणी वाटत सुटलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"चौथ्या पाळीला तुमच्या रानात काय असतं?"

"काय असणार? ढेकळं."

"मग त्या पाण्याचं काय करता दर वर्षी?"

"सोडते ढेकळांवर. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी देतील का?" आणि बोलता बोलता तिलाच हसू आलं. पण लगेच सावरली. "एकास एक नाही जमायचं. वर अर्धी टोपली घेवडा. दाणे, शेंगा नाही."

"आला तर देईन."

"आला तर म्हणजे? तुला खात्री नाही?"

"आहे," मी म्हटलं, आणि अर्धी टोपली कबूल केली.

पाटकरी मात्र अडून बसला. कामानं सरळ, स्वभावानं वाकडा माणूस. "पाळी काय उसनी साखर आहे द्यायला-घ्यायला? नियम वाचा." दाराजवळच्या पत्र्यावर नियम रंगवलेले होते. पाळी ज्याची, चाक त्याच्याच हातानं फिरेल. तासाभरात फिरलं नाही तर पाणी पुढच्याला.

मी दोनदा वाचलं. "हात कुणाचा ते लिहिलंय. दार कुठलं ते कुठे लिहिलंय?"

त्यानं पत्र्याजवळ जाऊन बोट ठेवून वाचलं. मग डोकं खाजवलं. मग पुन्हा वाचलं. "तुमच्या पाळीला तुम्ही स्वतः हिच्या दाराचं चाक फिरवणार, आणि हिच्या पाळीला ही तुमच्या?"

"हो."

"चाळीस वर्षांत असं कुणी केलं नाही."

"चाळीस वर्षांत कुणी वाचलं नसेल."

झालं. नवव्या दिवशी मी पालकवालीच्या दाराचं चाक फिरवलं आणि आमच्या पाळीचं पाणी आमच्याच शेतावरून पुढे निघून गेलं. व्हरांड्यातून भावजींचा आवाज आला तो तळ्यापर्यंत गेला असेल. "अगं, रोपं वीतभर नाहीत अजून! पाणी दान करतेय! कर्णाचा अवतार झालाय घरात!" पायाला प्लास्टर असल्यामुळे उंटावरून शेळ्या हाकण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. दिवसभर हाकल्या त्यांनी.

आणि मग आमच्या घरातलं पाणी संपायला लागलं.

शेतातलं नाही, घरातलं. गच्चीवरची टाकी सकाळी भरावी आणि संध्याकाळी नळाला फुस्स. भांडी अर्धवट घासलेली राहायची. आमच्या ह्यांनी नळ पाहिले, पाइप पाहिले, टाकीत उतरून बुडाला हात लावून पाहिला. नळ दुरुस्त करणारा येऊन गेला, त्यालाही कुठे गळती सापडली नाही. असे दहा-बारा दिवस गेले. एका दुपारी मी बाजारातून लवकर आले, तर व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. भावजी कुबड्या काखेत घेऊन घराला लागून असलेल्या सरीत उभे होते आणि अंगणातल्या नळाचा पाइप धरून घेवड्याला पाणी घालत होते. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"भावजी!"

ते दचकले नाहीत. "बघ जरा, बघ! पानं कशी मिटलीत. रोज दुपारी मिटतात. तुझ्या डोळ्यांदेखत मरताहेत आणि तू बाजार करत फिरतेस."

मी काही बोलणार होते, पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं आणि मला हसू फुटलं. चाळीस वर्षं भावजी दुपारी जेवून झोपायचे. भर दुपारी शेतात कधी थांबलेच नव्हते. घेवडा भर उन्हात आपली पानं मिटून उभी करतो, ऊन चुकवायला, आणि उन्हं कलली की पुन्हा पसरतो. ती तहान नव्हे, तो शहाणपणा. तोडणीच्या दिवसांत दुपारभर सरीत असणाऱ्या बायकांना हे ठाऊक असतं. पाय मोडल्यामुळे भावजींनी पहिल्यांदाच दुपारचं शेत पाहिलं होतं, आणि त्यांचा जीव कासावीस झाला होता.

मी त्यांना सांगितलं. खाली बसून सरीत हात घातला, वीतभर खोल उकरलं आणि ओली माती काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. "ही बघा ओल. मुळं इथंवर जाताहेत. जाऊ द्या त्यांना."

पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी माती झटकली. "या सहा सऱ्या मी सांभाळलेल्या आहेत. या माझ्या. बाकीच्या चौऱ्याऐंशी तुझ्या. काढणीला बघू कोण शहाणं ते."

"टाकीचं पाणी नाही मिळणार."

"परसातली विहीर माझ्या बापानं खणलीय," ते म्हणाले.

तिथून ते उघड उघड पाणी घालायला लागले. दिवसाआड, भर दुपारी, पानांवरून, पाइपनं. मी तिसरी पाळी घेतली ती एक आड एक सरीतून. एका सरीत पाणी, शेजारची कोरडी, म्हणजे अर्ध्या पाण्यात प्रत्येक झुडपाची एक बाजू भिजते. राहिलेल्या तासांचं पाणी पुढच्याला जाऊ दिलं. पाटकऱ्यानं वहीत तसं लिहिलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू या बाईला आता घरच्यांनी जपायला हवं.

खरं सांगते, त्या दिवसांत मलाही झोप लागत नव्हती. भावजींच्या सहा सऱ्या अशा वाढल्या की रस्त्यानं जाणारा थांबून बघे. कमरेएवढ्या, काळ्याशार हिरव्या. आणि माझ्या चौऱ्याऐंशी सऱ्या गुडघ्याखाली, पोपटी, रोडक्या. एकाच शेतात शेजारी शेजारी. वीटभट्टीवाला टेप घेऊन आला आणि मोकळेपणानं शेताची लांबी मोजायला लागला. भावजींनी त्याला चहा दिला. चहा पिता पिता तो मला म्हणाला, "वहिनी, वाईट नका वाटून घेऊ. घरं बांधायला विटा लागतातच की."

मला बोलायचं खूप होतं. पण बोलायला हातात अजून एक शेंगही नव्हती. रात्री ह्यांना विचारलं, "माझं चुकलं का हो?" हे म्हणाले, "मला काय कळतं त्यातलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "चुकलं तर चुकलं. दाराशी ट्रॅक्टर आला तर मी माझी गाडी आडवी लावीन." एवढं बोलणं या माणसाच्या तोंडून मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

छत्तिसाव्या दिवशी पहिलं फूल आलं. जाऊबाईंनी पाहिलं आणि मला हाका मारत आल्या. दुसऱ्याच दिवशी चौथी पाळी. या वेळी मी चाक टक्क होईपर्यंत फिरवलं आणि नव्वदच्या नव्वद सऱ्यांत पाणी सोडलं, सकाळीच, म्हणजे उन्हं चढेपर्यंत बुंधे कोरडे व्हावेत. आठवड्यात शेत पांढरं झालं. माझी चौऱ्याऐंशी सऱ्यांची खुजी झुडपं पानांपेक्षा फुलांनी जास्त दिसत होती. आता एकाही दिवसाचा खाडा पडून चालणार नव्हता. भरात आलेला फुलोरा तहानला की गळतो, आणि गळलेलं फूल कुणाच्या बापाला परत लावता येत नाही.

चव्वेचाळिसाव्या दिवशी पालकवालीची पाळी होती. सकाळी सातला सुरू होणार होती. सातला मी दाराशी उभी. पाटकरी घड्याळ घेऊन उभा. पालकवाली नाही.

सव्वासात. साडेसात. तिच्या घरी निरोप पाठवला तर कुलूप. शेवटचा पालक घेऊन पहाटे बाजारात गेली होती. भावजींचं प्लास्टर निघालं होतं. ते काठी टेकत टेकत दाराशी आले आणि दगडावर बसले.

"पावणेआठ," पाटकरी म्हणाला. "आठला पाणी पुढच्याला जाईल. पुढचा मकेवाला, तो उभाच आहे."

"दहा मिनिटं इकडे तिकडे..." मी म्हटलं.

"नियम तुम्हीच वाचून दाखवला होता, वहिनी. हात तिचाच हवा."

स्वतःच्या जिभेचा इतका राग मला कधी आला नव्हता. आठला पाच कमी असताना मकेवाला पुढे सरकला. मी शेताकडे बघत नव्हते. आणि वळणावरून एक स्कूटर भरधाव आली, मागे पालकवाली, मांडीवर वजनकाटा, गळ्यात पिशव्या, आणि चालवणाऱ्याला शिव्या. स्कूटर थांबायच्या आधीच तिनं उडी मारली, वजनकाटा मकेवाल्याच्या हातात कोंबला आणि आमच्या दाराच्या चाकाला दोन्ही हातांनी लटकली. टक्क.

"व्यापारी चार पैशांसाठी अडून बसला होता," ती धापा टाकत म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या भावानं दिला मी माल. तुझ्यापायी. अर्धी टोपली नाही, पूर्ण टोपली लागेल आता."

"दोन घ्या!" मी ओरडले आणि तिला मिठी मारली. पाटकऱ्यानं घड्याळ पाहिलं, आठला दोन कमी, आणि वहीत लिहिलं. मकेवाला वजनकाटा धरून तसाच उभा होता.

पुढचं काम घेवड्यानंच केलं. पाचवी पाळी शेंगा भरताना मिळाली. प्रत्येक झुडपावर शेंगांचे झुबके आणि प्रत्येक शेंगेत दाण्यांचे उंचवटे बोटाला लागत होते. आणि घराला लागून असलेल्या सहा सऱ्या पिवळ्या पडायला लागल्या. आधी खालची पानं, मग वरची. वरून रोज भिजणाऱ्या पानांवर तांबूस डाग पडले. बुंध्याशी कुजल्याचा वास यायला लागला. एक झुडूप भावजींनी हलक्या हातानं धरलं तर ते मुळापासून निघून हातात आलं. ते बराच वेळ ते झुडूप धरून बसले होते. त्या दिवसापासून पाइप गुंडाळून खुंटीला लागला. जिंकताना गप्प बसणं मला जमत नाही, पण त्यांचा चेहरा बघून जमलं.

सहावी पाळी मी घेतलीच नाही. शेंगा पिवळ्या पडत होत्या, खाली ओल होती. आता पाणी दिलं असतं तर दाणे शेंगेतच डागाळले असते. ती मकेवाल्याला दिली. बिचाऱ्यानं वजनकाटा धरला होता.

मळणीच्या दिवशी अंगणात ताडपत्री अंथरली. वीटभट्टीवाला सकाळीच हजर, रस्त्यावर त्याचा ट्रॅक्टर उभा. आमच्या ह्यांनी दुधाची गाडी खरोखरच फाटकात आडवी लावून ठेवली होती. पाटकरी सहज म्हणून आला, पालकवाली दोन टोपल्या आणि आपला वजनकाटा घेऊन आली.

"आधी माझ्या सहा सऱ्यांचं वजन करा," भावजी म्हणाले. कुणी म्हटलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

सहा सऱ्यांचे दाणे निघाले नऊ किलो, त्यातले निम्मे काळवंडलेले. मग त्यांना लागून असलेल्या माझ्या सहा सऱ्या. पालकवालीनं काटा धरला. तिचा काटा बाजारात कधी कुणाला एक गुंज जास्त दाखवत नाही.

"एकोणतीस," ती म्हणाली.

"पुन्हा कर," भावजी म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. एकोणतीस. पांढरेशुभ्र, टपोरे, चकचकीत दाणे. भावजींनी ओंजळभर उचलले आणि हळूहळू खाली सोडले. ताडपत्रीवर टपटप आवाज झाला.

दुपारपर्यंत आठ पोती भरली. गेल्या वर्षी तीन झाली होती, तीही सैलसर भरलेली. जाऊबाई आठव्या पोत्यावर बसल्या आणि उठायलाच तयार होईनात. मी ओरडून हसत होते की रडत होते ते मला आठवत नाही. ह्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली, एवढं आठवतं.

वीटभट्टीवाल्यानं घसा खाकरला. "मग, दादा, आपलं मातीचं..."

"माती?" भावजी काठी टेकून उठले. "या मातीला काय झालंय? आठ पोती दिसत नाहीत? हातच्या कांकणाला आरसा लागतो का?" मग जरा थांबून म्हणाले, आणि हे त्यांनी रस्त्यावरच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "माती चांगलीच होती. पाणी चुकत होतं. माझं."

ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून ह्यांना दुधाची गाडी पुढे घ्यावी लागली. ती त्यांनी आनंदानं घेतली.

पुढच्या हंगामात तळं काठोकाठ भरलं. पेरणीआधीच्या पहिल्या पाळीला आम्ही सगळे दाराशी गेलो. आता फळ्यावर अदलाबदलीसाठी पाटकऱ्यानं वेगळा रकाना आखला होता आणि त्यात चार जणांनी आधीच पाळ्या मांडल्या होत्या. भावजींचा पाय ठणठणीत होता. सवयीनं ते पुढे झाले, दोन्ही हात चाकावर ठेवले, आणि तसेच थांबले. मागे वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"धाकटे, किती फिरवू?"

पाटकऱ्याच्या हातातला खडू थांबला. जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस दुखत होता.

"पूर्ण फिरवा, भावजी," मी म्हटलं. "आज रान कोरडं आहे. आज तुमच्या मनासारखं, आभाळ दिसेपर्यंत."

पोराच्या हातात फुगा द्यावा तसा चेहरा फुलला त्यांचा. चाक फिरलं, टक्क झालं, पाणी खळाळत आमच्या रानात शिरलं. ते बांधावर उभे राहून पाहत राहिले, मिशीत हसत.

"आणि पुढच्या पाळीला?"

"ते पुढच्या पाळीला विचारा."

"विचारीन," भावजी म्हणाले.